मधला डबा

मेसच्या रांगेत ताट धरून उभा होतो. मागून बाब्याने विचारलं, "सेमिनारला काय आलं रे तुला?"

"क्लास तीनशे तेरा."

"कितव्या मजल्यावर?"

"अरे, वर्गखोली नाही. गाडी आहे. इंग्लंडमधली लोकल."

बाब्या एवढा हसला की त्याच्या ताटातली आमटी पुढच्याच्या चपलेवर सांडली. पुढच्याला कळलंसुद्धा नाही. आमच्या मेसच्या आमटीचा डाग पडत नाही, हा तिचा एकमेव गुण!

त्याचं असं झालं. दरवर्षी टी.ई.ला ट्रॅक्शनच्या सेमिनारसाठी निम्मा वर्ग बुलेट ट्रेन घेतो आणि उरलेला निम्मा मॅग्लेव्ह. सर कंटाळले असणार. यंदा त्यांनी गाड्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून आणली आणि खडूच्या खोक्यात टाकून वर्गात फिरवली. "वेग सांगून टाळ्या घ्यायच्या नाहीत," सर म्हणाले. "एका गाडीचा जन्मापासून भंगारापर्यंतचा हिशेब मांडायचा. ती कुणासाठी बनवली, कशी चालली, कुठे कुठे फिरली, का बंद झाली. पंधरा मिनिटं. आणि हो, इंग्रजीत."

कुणाला शिन्कान्सेन आली, कुणाला टीजीव्ही. माझ्या चिठ्ठीत ब्रिटिश रेल्वेची क्लास ३१३. लायब्ररीत आणि नेटवर शोधून पहिला आकडा सापडला तो वेगाचा. ताशी ७५ मैल, म्हणजे १२० किलोमीटर. वाटलं, सरांच्या केबिनमध्ये जाऊन चिठ्ठी परत करावी. पण केबिनमध्ये जायचं तर बोलावं लागणार. तेच तर नको होतं.

आता थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं. मी आसनगावचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम. बारावीला मार्क बरे पडले, कॅप राउंडला इलेक्ट्रिकल मिळालं, आळीत पेढे वाटले गेले. मग कॉलेज सुरू झालं. लेक्चरला सर जे बोलायचे त्याचं मी आधी मनात मराठी करायचो, मग समजून घ्यायचो. तोवर फळा पुसलेला असायचा. एस.ई.ला चार विषय राहिले आणि इयर डाउन. त्याच वर्षी एकदा प्रेझेंटेशनला उभा राहिलो होतो. पहिलं वाक्य पाठ होतं, ते म्हटलं. दुसरं अर्धं आलं. मग काहीच आलं नाही. मिनिटभर तसाच उभा राहिलो आणि जागेवर जाऊन बसलो. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मनात एक हिशेब पक्का केला होता. टी.ई.च्या सेमिनारला पुन्हा तेच झालं तर बस्स. घरी जायचं, आयटीआयच्या मित्राबरोबर वायरिंगची कामं घ्यायची. आईच्या कानावर घातलं होतं. बाबांना सांगायची हिंमत झाली नव्हती. बाबा कळव्याच्या कारशेडमध्ये खलाशी म्हणून लागले आणि टेक्निशियन म्हणून रिटायर झाले. मुलगा इंजिनिअर होणार, हे त्यांनी शेडमधल्या प्रत्येकाला सांगून ठेवलेलं.

तर अशा अवस्थेत मी क्लास ३१३ वाचायला घेतली. आणि पहिल्याच रात्री अडकलो. कारण ह्या गाडीची गोष्ट गाडीच्या आधी ७२ वर्षं सुरू होते.

लंडनमध्ये फिन्सबरी पार्क ते मूरगेट असा एक भुयारी मार्ग १४ फेब्रुवारी १९०४ ला सुरू झाला. शहराखालच्या खोल बोगद्यांचा व्यास तेव्हा साधारण १२ फूट असायचा. हा बोगदा मुद्दाम १६ फुटांचा खणला. का? तर ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या मोठ्या गाड्या उत्तरेकडच्या उपनगरांतून न बदलता थेट शहराच्या पोटात याव्यात. पण बोगदा पुरा होईपर्यंत ग्रेट नॉर्दर्नने अंग काढून घेतलं होतं. बोगदा तयार, पण ज्यांच्यासाठी खणला त्या गाड्याच येईनात! मग तो तुकडा तसाच एकटा चालत राहिला. मालक बदलले, पुढे तर त्या मोठ्या बोगद्यातून छोट्या ट्यूब गाड्या धावू लागल्या.

हे वाचून मी बाब्याला उठवलं. "बघ, मला एक वर्ष डाउन लागलं तर घरात सुतक. ह्या बोगद्याला बहात्तर वर्षं डाउन!" बाब्या म्हणाला, "झोप आता, नाहीतर तुझे पण बहात्तर होतील."

मग १९७५ साल येतं. २८ फेब्रुवारीची सकाळ, पावणेनऊचा सुमार. मूरगेटला रूळ संपतात. पुढे छोटा आंधळा बोगदा आणि भिंत. ऑफिसला जाणाऱ्यांनी भरलेली गाडी स्टेशनात शिरली, पण वेग कमी झालाच नाही. ती प्लॅटफॉर्म ओलांडून भिंतीवर आदळली. ४३ माणसं गेली, त्यांत गाडीचा मोटरमनही होता. चौकशी झाली. गाडीत दोष सापडला नाही. ब्रेक का लागला नाही, ह्याचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही. पुढे अशा रूळ संपणाऱ्या स्टेशनांत वेग जास्त असेल तर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा बसवली गेली.

त्या साली ऑक्टोबरमध्ये त्या बोगद्यातल्या ट्यूब गाड्या बंद झाल्या आणि मार्ग ब्रिटिश रेल्वेकडे आला. हा बदल अपघातामुळे झालेला नव्हता, आधीच ठरलेला होता. उत्तरेकडच्या उपनगरी मार्गांवर विजेच्या तारा टाकायचं काम चालूच होतं. आणि यॉर्कच्या कारखान्यात नवी गाडी तयार होत होती. तीच आपली ३१३.

१९७६-७७ मध्ये तिचे ६४ संच बनले, प्रत्येकी तीन डब्यांचे. १६ ऑगस्ट १९७६ ला पहिली गाडी ड्रेटन पार्क ते ओल्ड स्ट्रीट एवढ्याच टप्प्यात धावली. नोव्हेंबरपासून मूरगेटहून निघून बोगद्यातून बाहेर पडून थेट हर्टफर्ड आणि वेलविन गार्डन सिटीपर्यंत. १९०४ ला ज्यासाठी बोगदा खणला होता ते १९७६ ला झालं. ज्यांनी खणला त्यांच्यातलं कुणी बघायला उरलं असेल का, देव जाणे.

पण गाडीपुढे एक अडचण होती, आणि मला खरा रस वाटला तो इथे. बाहेरच्या मार्गावर डोक्यावर तार, २५,००० व्होल्ट एसी. बोगद्यात तार टाकायला जागा नाही. २५,००० व्होल्टच्या तारेभोवती मोकळी हवा लागते, ती १९०४ च्या बोगद्यात आणायची कुठून? म्हणून आत तिसरा रूळ, ७५० व्होल्ट डीसी. म्हणजे एकाच प्रवासात गाडीला दोन पूर्ण वेगळ्या विजा पचवायच्या. तारेची एसी आणि तिसऱ्या रुळाची डीसी, दोन्हींवर चालणारी ब्रिटिश रेल्वेची ही पहिली लोकल.

सर्किट काढायला बसलो. तीन-चार ठिकाणी अडलो. बाब्याला विचारलं, त्यालाही नीट सांगता येईना. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. शेवटी घरी फोन लावला.

"बाबा, एक विचारू? लोकलचं आहे."

बाबा टीव्ही बघत होते. टीव्हीचा आवाज बंद झाला. "विचार."

"तीन डब्यांचा युनिट. दोन टोकांना मोटर कोच, मध्ये ट्रेलर."

"तिनात दोन मोटर कोच? मग पिकअप चांगला असणार. मोटर किती?"

"एका कोचला चार. एकूण आठ. ८२ किलोवॅटची एक."

"कंट्रोल?"

"कॅमशाफ्ट. रेझिस्टन्स एकेक करून कमी होतात."

"हां, म्हणजे आपल्या जुन्या डीसी रेकचंच सगळं. पँटो कुठल्या कोचवर?"

"मधल्या डब्यावर."

"ट्रेलरवर?" बाबा थोडं थांबले. "आपल्याकडे पँटो मोटर कोचवर असतो. ट्रेलरवर पँटो ठेवून काय करतात?"

"ट्रान्सफॉर्मर पण त्याच डब्याखाली. रेक्टिफायर पण. तारेवरनं २५,००० घेतात, खाली आणतात, डीसी करतात आणि ७५० व्होल्ट दोन्ही मोटर कोचना देतात. बोगद्यात शिरल्यावर पँटो खाली आणि मोटर कोचच्या बोगीवरचे शू तिसऱ्या रुळावरनं तेच ७५० घेतात."

पलीकडे शांतता. मला वाटलं लाइन कट झाली.

मग बाबा म्हणाले, "म्हणजे बोगदा असो नाहीतर बाहेर, मोटरला कळतच नाही वीज कुठनं आली."

मी फोन कानाला धरून तसाच बसलो. तीन दिवस जे सर्किट मला चार पानांत समजत नव्हतं ते बाबांनी एका वाक्यात सांगितलं होतं.

"बदली चालत्या गाडीत करतात की थांबून?" बाबांनी विचारलं.

"थांबून. ड्रेटन पार्क म्हणून स्टेशन आहे, बोगद्याच्या तोंडाशी. प्लॅटफॉर्मला गाडी उभी असताना."

"शहाणे आहेत. आपल्याकडे चालत्या गाडीत व्हायचं. आठवतं ना, मध्येच दिवे-पंखे जायचे आणि तू घाबरून मला चिकटायचास?"

आठवत होतं. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्ट डीसीवर. पुढे नव्वदच्या आसपास वर्षं मुंबईची लोकल त्याच विजेवर पळाली. मग टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट एसी आली. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ ला पूर्ण झालं, मध्य रेल्वेच्या मेन लाइनचं २०१५ ला आणि हार्बरवरची शेवटची डीसी लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री धावली. मधली काही वर्षं अर्ध्या रस्त्यात डीसी, अर्ध्या रस्त्यात एसी. दोन्हींवर चालणारे रेक त्या सांध्यावरून जायचे तेव्हा डब्यात क्षणभर अंधार व्हायचा. आम्ही पोरं त्याला "भूत आलं" म्हणायचो. ते भूत म्हणजे ३१३ चीच अडचण होती, फक्त आमच्या मार्गावरची.

मूरगेटच्या अपघाताबद्दलही बाबांना सांगितलं. ते नुसतं "मोटरमनपण गेला?" एवढंच म्हणाले आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. रेल्वेतल्या माणसाला अपघाताची गोष्ट सांगताना जपून सांगावी, हे त्या दिवशी कळलं.

पुढच्या शनिवारी घरी गेलो. जाताना गाडीचा बाकीचा प्रवास वाचून काढला. ६४ पैकी बरेच संच त्याच मार्गावर राहिले, पण काहींच्या नशिबी भटकंती होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी काही संच उत्तर लंडनच्या आडव्या मार्गावर आणि वॉटफर्डच्या लोकलला गेले. तिथेही तार आणि तिसरा रूळ असा मिश्र कारभार, त्यामुळे ह्याच गाड्या उपयोगी. २००७ ला तो मार्ग लंडन ओव्हरग्राउंडकडे गेला, नव्या गाड्या आल्या आणि २०१० ला ह्या गाड्यांना तिथून निरोप मिळाला. वय ३४. वाटलं आता भंगार. पण नाही. त्यांतले १९ संच दक्षिणेला समुद्रकिनाऱ्यावर गेले, ब्रायटनच्या दोन्ही बाजूंच्या मार्गांवर. तिथे तार नाहीच, सगळा तिसरा रूळ. म्हणजे आयुष्यभर दोन विजा पचवणाऱ्या गाडीने म्हातारपणी एकाच विजेवर काढले दिवस. एका संचाला २०१३ पासून नव्या सिग्नल यंत्रणेच्या चाचणीसाठी जुंपलं. ब्रिटनच्या रोजच्या सेवेतल्या सगळ्यात जुन्या लोकलमध्ये तिची गणना होऊ लागली, आणि नवी सिग्नल यंत्रणा शिकायला पुन्हा तीच!

किनाऱ्यावर मात्र लोक रागावले. कारण ह्या गाडीत टॉयलेट नाही. आधी तिथे क्लास ३७७ होत्या, नव्या आणि टॉयलेट असलेल्या. त्या काढून चौतीस वर्षांच्या म्हाताऱ्या गाड्या दिल्या. ब्रायटन ते पोर्ट्समथ म्हणजे तासाच्या वरचा प्रवास. प्रवाशांच्या तक्रारी सुरू झाल्या.

हे जेवताना सांगितलं तेव्हा मी हसत होतो. "आई, बघ. तासाभराच्या प्रवासाला टॉयलेट नाही म्हणून बोंबाबोंब! आणि आपण कसारा ते सीएसएमटी अडीच तास."

आई हसली नाही. ती दोन वर्षं आजीला घेऊन मुंबईच्या हॉस्पिटलमध्ये जात होती. "आजी आदल्या रात्रीपासून पाणी प्यायची नाही," ती म्हणाली. "लोकलमध्ये जायचंय म्हणून. बरोबर आहे त्यांचं. आपण बोलत नाही म्हणून आपल्याला त्रास नसतो असं नाही."

मी भाकरी मोडत राहिलो. 'आपण बोलत नाही म्हणून त्रास नसतो असं नाही.' तिने ते आजीबद्दल म्हटलं होतं. मला ते माझ्याबद्दल ऐकू आलं.

जेवण झाल्यावर बाबांनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढली. आत पक्कड, जुने पासेस, रिटायरमेंटचा फोटो आणि एक दोनशे पानी वही. वर लिहिलेलं : एसी ट्रेनिंग.

वही उघडली. सगळी मराठीत. बाबांचं अक्षर मोठं आणि सरळ. 'ट्रान्सफॉर्मर : मोठा दाब घेतो, छोटा देतो. पोटात तेल. हात लावायच्या आधी अर्थ करणे.' 'रेक्टिफायर : एकाच बाजूला जाऊ देणारा दरवाजा. येणाऱ्याला जाऊ देतो, परत फिरू देत नाही.' खाली सर्किट, पट्टीने आखलेलं, प्रत्येक भागाचं नाव देवनागरीत. कडेला लाल पेनने शंका. काही शंकांपुढे बरोबरची खूण, उत्तर मिळाल्याची.

"हे कधीचं?"

"एसी यायचं ठरलं तेव्हाचं. पन्नाशीला आलो होतो. मॅन्युअल सगळं इंग्रजीत. पहिले दोन दिवस क्लासमध्ये काहीच कळलं नाही. आयुष्यभर डीसी केलेलं, त्यात भाषा ही अशी. नाव काढून घ्यावं असं वाटत होतं."

"मग?"

"मग शेडमध्ये एक ज्युनिअर पोरगा आलेला नवीन, डिप्लोमावाला. तो जेवणाच्या सुट्टीत वाचून सांगायचा, मी मराठीत उतरवायचो. आधी लाज वाटली. माझ्या पोराच्या वयाचा तो. मग म्हटलं, गाडी काय मला इंग्रजी येतं का विचारत नाही. फॉल्ट काढता येतो का, एवढंच विचारते."

ही वही आमच्याच घरात, माझ्याच डोक्यावरच्या माळ्यावर, इतकी वर्षं होती. मी शाळेत असताना बाबा रात्री पाटावर बसून काहीतरी लिहायचे हे अंधुक आठवत होतं. मला वाटायचं हिशेब लिहितात.

मग मी बाबांना सगळं सांगितलं. चार विषय, ते प्रेझेंटेशन, सोडून द्यायचा विचार. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, समजूतही काढली नाही. वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "घेऊन जा. पण परत आण. पेटीत जागा आहे तिची."

परत येताना लोकलमध्ये खिडकी मिळाली. मी तीन डब्यांचं चित्र पुन्हा काढून बघत होतो. इतके दिवस माझं लक्ष टोकांच्या डब्यांकडे होतं, कारण मोटर तिथे आहेत. मधल्या डब्याला एकही मोटर नाही. तो स्वतः काही ओढत नाही, त्याला ओढावं लागतं. पण बाहेरच्या मार्गावर तो नसेल तर आठच्या आठ मोटर जागच्या हलणार नाहीत. एका भाषेतली वीज घेऊन दुसऱ्या भाषेत द्यायचं काम तो करतो, बस्स.

मी इतकी वर्षं असं समजत होतो की माझी मोटरच कमी पॉवरची आहे. मोटर ठीक होती. तिच्यापर्यंत वीज तिला चालेल अशी पोचत नव्हती. आणि जेव्हा जेव्हा पोचली तेव्हा मध्ये कुणीतरी होतं. मेस सुटल्यावर बाब्या पुस्तक उघडून बसायचा आणि म्हणायचा, "हे बघ, इंडक्शन मोटर सोड. तुझ्या मामाच्या विहिरीवरची मोटर आठव." तो मला पास करत नव्हता, अभ्यास माझा मलाच करावा लागत होता. पण वीज बदलून देत होता. बाबांना तो डिप्लोमावाला पोरगा भेटला, मला बाब्या. आम्ही त्याला 'स्पून फीडिंग' म्हणून हिणवायचो, मी स्वतःसुद्धा. आता तसं म्हणणार नाही.

सेमिनारचा दिवस उजाडला. माझ्या आधी शिन्कान्सेनवाला होता. त्याचे व्हिडिओ होते, वर्ग खूश. मग मी. पहिलं वाक्य पाठ होतं, ते म्हटलं. दुसरं आलं. तिसऱ्याला अडलो. पोटात तोच जुना खड्डा पडला. मी बोलणं थांबवलं, खडू घेतला आणि फळ्यावर तीन डबे काढले. चित्र काढताना बोलावं लागत नाही. तेवढ्यात दम घेता आला. ड्रेटन पार्कला गाडी थांबते ना, तसाच मी थांबलो म्हणायचं. पँटो खाली, शू रुळाला, आणि मग निघालो. मोडकंतोडकं इंग्रजी, मध्ये दोन-तीन वाक्यं सरळ मराठीत. सर काही बोलले नाहीत, नुसतं "हं, पुढे" म्हणाले.

१९०४ सांगितलं, १९७५ सांगितलं. सांगितलं की एकट्या ३१३ वर गोष्ट थांबली नाही. तिच्याच घराण्यातल्या ३१४, ३१५, ५०७ आणि ५०८ ह्या बहिणी ग्लासगो, पूर्व लंडन, लिव्हरपूलकडे धावल्या, सगळ्यांचे मिळून ७५५ डबे. मूळ मार्गावर सीमेन्सच्या क्लास ७१७ आल्या आणि ३० सप्टेंबर २०१९ ला तिथली शेवटची ३१३ धावली. ४३ वर्षं. किनाऱ्यावरच्या २०२३ ला थांबल्या, ४७ वर्षांना टेकून. आणि त्यांची जागा घेतली कुणी? त्याच क्लास ३७७ ने, टॉयलेट असलेल्या! वर्ग हसला. मी आईचं वाक्य सांगितलं, मराठीतच. वर्ग गप्प झाला.

प्रश्नांच्या वेळी पहिल्या बाकावरच्या एकाने विचारलं, "मधल्या डब्याला मोटर नाही. मग ते डेड वेट नाही का?"

खरं सांगतो, त्याने मुद्दाम विचारलं असतं तरी मला इतका आवडणारा प्रश्न विचारता आला नसता. मी फळ्यावरचा मधला डबा हाताने पुसला. मग पँटो, ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर सगळं गेलं. उरले दोन मोटर कोच आणि आठ मोटर. "आता ही गाडी हर्टफर्डला नेऊन दाखव," म्हणालो. मागच्या बाकावरून बाब्याने शिट्टी मारली. त्याला सरांनी बाहेर काढलं.

पंचवीसपैकी एकोणीस मिळाले. शिन्कान्सेनला बावीस. चालायचंच. एम-थ्री अजून राहिलाय आणि हिवाळी परीक्षेला पुन्हा बसायचंय, म्हणजे सगळं गोड झालं अशातला भाग नाही. पण वायरिंगच्या कामाचा विचार तूर्त बाजूला ठेवलाय. बाबांची वही परत नेऊन पेटीत ठेवली. नेण्याआधी त्यातली पानं उतरवून घेतली आणि माझी स्वतःची एक वही सुरू केली. मशीन्सची, मराठीत. बाब्या ती तपासतो आणि लाल पेनने शंका काढतो.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच. यंदा फर्स्ट इयरची नवी बॅच हॉस्टेलला आली आहे. रात्री कॉरिडॉरमधून जाताना एक-दोघे पुस्तक उघडं ठेवून भिंतीकडे बघत बसलेले दिसतात. मी ती नजर ओळखतो. मित्रांनो, तुमची मोटर तपासत बसू नका, ती ठीक असते. सप्लाय बघा. गाडी थांबवून बदली करण्यात कमीपणा नाही, तीनशे तेरा त्रेचाळीस वर्षं रोज थांबून बदली करत होती.

मेस सुटल्यावर आमच्या रूमचं दार उघडं असतं. आमटी मात्र आपापली पिऊन या.

— टी.ई. (इलेक्ट्रिकल), मुलांचे वसतिगृह